नवीन आणलेल्या क्लाऊनफिशच्या अंगावर पांढरं दिसते, इच (पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग) आहे की दुसरं काही? (खाऱ्या पाण्याचा टँक)

मनीषनगर_मरीन:
नमस्कार मंडळी, जरा लवकर मदत पाहिजे. शुक्रवारी दोन क्लाऊनफिश अन् एक हिरवा क्रोमिस (हा पण समुद्री मासा) आणला, माल चेन्नईवरून आदल्याच दिवशी उतरला होता म्हणे. मेन टँकमधे टाकले नाहीत, हॉलमधेच ६० लिटरचा क्वारंटाइन टँक (नवीन मासे वेगळे ठेवायचा) लावला आहे, खाली वाळू नाही, नुसते पीव्हीसीचे तुकडे, स्पंज फिल्टर अन् हवेचा पंप. आले तेव्हा दोघंही बारीक झिंगा खाऊन राहिले होते. कालपासून मोठ्या क्लाऊनने खाणं सोडलं, रंग फिका पडला, अंगावर पांढरट दिसते अन् वर येऊन जोरजोरात श्वास घेऊन राहिला आहे. लहान्याच्या पाठीवर पण आज सकाळी थोडंसं पांढरं दिसलं. क्रोमिस ठीक वाटते, खाते पण.

सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) १.०२५, टेंपरेचर दुपारी ३० च्या वर जाते, बाहेर ४५ आहे तर घरात काय होणार. दुकानवाल्याला फोटो पाठवला, तो म्हणे इच आहे, कॉपर (तांब्याचं औषध) टाका. टाकू का? मेन टँकमधे झिंगे अन् थोडे कोरल आहेत म्हणून तिकडे काहीच जायला नको. फोटो इथे टाकत नाही कारण निळ्या लाइटमधे काहीच कळून नाही राहिलं.

खारंपाणी:
भाऊ थांब, कॉपर आत्ता नको टाकू. पांढरं दिसलं म्हणजे इच असं नसते, अन् क्लाऊनमधे तर असं बिलकुल समजू नको.

पहिले अमोनिया टेस्ट कर. नवीन क्वारंटाइन टँकमधे स्पंज चांगले बॅक्टेरिया बसून नीट मुरलेला नसला की अमोनिया चढते अन् मासा असाच वर येऊन धापा टाकते, लोकं त्याला रोग समजून औषध टाकतात. अन् ३० च्या वरच्या पाण्यात ऑक्सिजन तसाही कमी राहतो, म्हणून एक एअर स्टोन अजून सोड.

मग निळा लाइट बंद करून साधा टॉर्च बाजूनं मार, समोरून नाही. इच असेल तर मिठाच्या दाण्याएवढे वेगवेगळे ठिपके दिसतील, मोजायचे म्हटले तर मोजता येतील, पंखांवर पण असतील. हा परजीवी ३ ते ७ दिवस अंगावर राहते मग गळून पडते, म्हणून ठिपके एक दिवस जातात, माणूस खूश होते, अन् मग दुप्पट होऊन परत येतात. वेल्व्हेट (दुसरा परजीवी) असेल तर ठिपके मोजताच येणार नाहीत, बारीक भुकटी अंगभर बसल्यासारखी, अन् बरेचदा ती दिसायच्या आधीच मासा पंपाच्या धारेत तोंड देऊन उभा राहते, उजेड टाळते, दोन-तीन दिवसात जाते पण. ते कल्ल्यात पहिले घुसते ना, म्हणून. तिसरा परजीवी म्हणजे ब्रुकलिनेला, याला लोकं क्लाऊनफिश डिसीजच म्हणतात. त्यात ठिपके नसतात, चिकट पांढरट थर असते, डोक्यापासून पसरत जाते अन् त्वचेचे पापुद्रे सुटून लोंबतात. समुद्रातून पकडलेल्या क्लाऊनमधे हे फार येते.

हे वेगळं ओळखणं यासाठी पाहिजे की इच अन् वेल्व्हेटवर कॉपर चालते, ब्रुकलिनेलावर चालत नाही. तू कॉपर टाकून वाट पाहत बसशील अन् तेवढ्यात मासा जाईल. तुझ्या मोठ्याचा रंग फिका पडला, धाप लागली, त्यावरून मला ब्रुकलिनेलाचाच संशय येऊन राहिला आहे. मिनिटाला कल्ले किती वेळा उघडतात ते मोजून सांग.

रीफताई_धरमपेठ:
वरच्यांनी सांगितलं ते बरोबर आहे, एकच जोडते. तुमच्या हॉलमधे कूलर चालतो का? आपल्याकडे मे महिन्यात चालतोच. क्वारंटाइन आणि मेन टँक एकाच खोलीत असतील आणि कूलरचा वारा एकाकडून दुसऱ्याकडे जात असेल तर आधी टँक हलवा. वेल्व्हेटचे जंतू हवेच्या बुडबुड्यांनी उडणाऱ्या तुषारांवर बसून जातात, वाहत्या हवेत ३ मीटरपर्यंत गेल्याचं प्रयोगात दिसलंय. जाळी, हात, सिफनची नळी हे तर सगळे सांगतात, वाऱ्याचं कोणी सांगत नाही म्हणून लिहिलं.

टेंपरेचरसाठी पाण्यावर छोटा टेबल फॅन लावा, नागपूरची हवा इतकी कोरडी असते की दोन-तीन डिग्री आरामात उतरतं. फक्त पाणी भराभर उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोज साधं आरओचं पाणी भरायचं, खारं नाही.

मनीषनगर_मरीन:
सगळं केलं. अमोनिया शून्य आहे. मोठ्याचे कल्ले मिनिटाला १३० च्या वर, लहान्याचे ९० च्या आसपास. टॉर्च बाजूनं मारला तर ठिपके एकही नाही, डोक्यामागे अन् पहिल्या पट्ट्याजवळ राखाडी थर, शेपटीजवळ त्वचेचा एक तुकडा हलताना दिसला. कूलरचं तोंड पहिले फिरवलं, उद्या टँकच दुसऱ्या खोलीत नेतो. आता काय करू?

खारंपाणी:
मग ब्रुकलिनेलाच समज. आता रात्र नको घालवू, हे अंगावरच एकाचे दोन होत वाढते.

फॉर्मॅलिन लागेल, ३७ टक्केवालं, केमिकलच्या दुकानात मिळते. बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ बसला असेल तर घेऊ नको, तो जास्त विषारी असते. वेगळ्या बादलीत त्याच सॅलिनिटीचं, त्याच टेंपरेचरचं पाणी घे, १० लिटरला १.५ मिली, सिरिंजनी मोज, अंदाजाने नको. हवा जोरात चालू ठेव कारण फॉर्मॅलिन पाण्यातला ऑक्सिजन खाते. अर्धा तास मासा त्यात ठेव, पूर्ण वेळ समोर बस, मासा आडवा पडायला लागला की लगेच काढ. अन् हे गॅलरीत कर, हातमोजे घाल, वास छातीत घेऊ नको, फॉर्मॅलिन माणसाला कॅन्सर करणारं रसायन आहे, लेकरं जवळ नको.

आंघोळ झाली की जुन्या टँकमधे परत नको टाकू, नवीन मिठाच्या पाण्याच्या टबमधे टाक, मेन टँकमधला जुना स्पंज किंवा सिरॅमिक त्यात ठेव म्हणजे अमोनिया चढणार नाही. त्या टबमधलं काही मेनमधे परत न्यायचं नाही. एक दिवस सोडून परत आंघोळ.

टँकर_त्रिमूर्ती:
फॉर्मॅलिन मिळेपर्यंत गोड्या पाण्याची डिप दे, म्हणजे मासा थोडा वेळ त्यात ठेव. आरओचं पाणी, टेंपरेचर सारखं, चिमूटभर खायचा सोडा टाकून पीएच ८ च्या वर, अर्धा तास आधी हवा सोडलेली. पाच मिनिटं. बरा नाही होणार पण श्वास मोकळा होते. तळाला पांढऱ्या बारीक टिकल्या पडल्या तर फ्लूक (चपटे परजीवी किडे) पण आहेत, त्याला प्राझिक्वांटेल हे औषध वेगळं लागेल.

अन् वेल्व्हेट पूर्ण डोक्यातून काढू नको, दोन्ही सोबत येतात कधीकधी. पक्कं करायचं तर मायक्रोस्कोप. तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, माफसूचं (महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं), तिथे फोन करून विचार कोणी पाहून देते का. मासा मेला तर फ्रीजमधे टाकू नको, लगेच त्याच टँकच्या पाण्यात घेऊन जा, मेल्यावर परजीवी अंग सोडून जातात अन् मग काचेखाली काहीच सापडत नाही.

मनीषनगर_मरीन:
डिप दिली आत्ता. टिकल्या नाही पडल्या, थर बराचसा निघाला, मोठा खाली पाइपमधे जाऊन बसला, कल्ले ११० वर आले. फॉर्मॅलिन सकाळी दुकान उघडल्याबरोबर आणतो. क्रोमिसचं काय करू, त्याला पण आंघोळ द्यायची का?

खारंपाणी:
त्याला पण दे, एकाच पाण्यात होते तिघं. फक्त क्रोमिसच्या पोटावर नाहीतर बाजूवर लाल चट्टा दिसला तर लगेच वेगळा काढ, ते युरोनिमा नावाचं परजीवी असते, क्रोमिसमधे लई येते अन् त्याला जगायला मासा पण लागत नाही, टँकमधल्या घाणीवरच राहते. सकाळी आंघोळीच्या आधी तिघांचे कल्ले परत मोजून इथे लिही.