मदत हवी आहे: होडीच्या मशीनची लाल दोरी तांडेल (होडी चालवणारे) अंगाला लावत नाहीत

देवबागला आमचं न्याहारी निवास आहे. धाकटे दीर पर्यटकांना डॉल्फिन आणि संगम दाखवायला फायबरची होडी चालवतात, मागे ४० एचपीचं ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं मशीन. दहावीची परीक्षा झाल्यापासून माझा मुलगा मदतीला त्यांच्यासोबत जातो. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

ओबीएमच्या दांडीजवळ तांबडं बटण असतं. त्याच्याखाली प्लास्टिकची क्लिप, क्लिपला वेटोळ्याची लाल दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या अंगाला. माणूस पाण्यात फेकला गेला की क्लिप निघते आणि मशीन बंद पडतं. आमच्या होडीवर क्लिप बटणाखाली कायमची अडकवून ठेवलीय. दोरी कधीच कापून टाकली, उरलेल्या वीतभर तुकड्याने पेट्रोलचा पाइप बांधलाय. क्लिपच्या कडेला मिठाचा पांढरा थर चढलाय, म्हणजे किती दिवसांत ती हलली नसेल बघा.

"भावोजी, दोरी लावा" म्हटलं की उत्तर ठरलेलं. "वैनी, सगळो जन्म पाण्यात गेलो, मी पडाचंय नाय." त्यांची अडचणही खरी आहे. नांगर टाकायचा, पाहुण्यांना हात द्यायचा, होडी वाळूला लागली की उतरून ढकलायची. दर वेळी दोरी सुटते, मशीन बंद होतं, परत हिसका मारून चालू करायचं.

पण कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा पट्टा दर हंगामात सरकतो, आणि पलीकडे लाटा उभ्या राहतात. मागे शेजारच्या वाडीतली होडी तिथेच आदळली आणि चालवणारा मागून बाहेर पडला. रिकामी होडी जागच्या जागी गरगर फिरत पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच येत होती. सुदैवाने ती किनाऱ्याच्या वाळूत रुतली.

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला पॅडस्टोजवळ ५ मे २०१३ रोजी असंच झालं. सहा जणांचं अख्खं कुटुंब स्पीडबोटीतून फेकलं गेलं आणि त्यांचीच बोट गोल फिरून त्यांच्यावर आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली. चौकशीत निघालं की दोरी कोणाच्याच अंगाला लावलेली नव्हती.

आपल्याकडे २४ मे २०२२ ला तारकर्लीची बोट बुडाली. १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची स्पीडबोट इंजिनाच्या चाचणीत ताबा सुटून मुंबईजवळ 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली, १५ माणसं गेली. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली, ते उत्तमच झालं. पण चालवणाराच बाहेर पडला तर काय, यावर कोणी बोलत नाही.

दीर मानतील असा उपाय हवाय. स्विच चालतो का ते कसं बघायचं? आणि ते पडलेच तर पोराने नेमकं काय करायचं?

जुना_खलाशी

ताई, दोरी मनगटाला लावू नका, तिथे ती सारखी अडते. मांडीला, गुडघ्याच्या वर लावायची. बसल्या बसल्या दोन्ही हात मोकळे राहतात. तुमच्या दिरांची सगळी कामं होडी उभी असताना किंवा अगदी हळू असतानाची आहेत. मशीन न्यूट्रलला आणायचं, दोरी मांडीवरून काढायची, क्लिप मात्र जागेवरच ठेवायची. काम झालं की आधी दोरी मांडीला, मग गिअर. असं केलं तर मशीन बंदच पडत नाही.

शिवाय एक जादा क्लिप पोराकडे हवी. दीर क्लिपसकट पाण्यात गेले तर होडी चालू कशी करणार? कंपनीगणिक क्लिपचा आकार वेगळा असतो, मॉडेल नंबर सांगूनच मागवा.

रत्नांग्री_मेकॅनिक

स्विचबद्दल सांगतो. या जुन्या टू-स्ट्रोक मशिनांत स्विच ठिणगीला अर्थिंग देऊन मशीन बंद करतो. आतली वायर खाऱ्या हवेने खाल्ली तर मशीन छान चालत राहतं, स्विच मात्र मेलेला असतो. म्हणून रोज सकाळी पहिलं मशीन चालू केलं की क्लिप ओढून बंद पडतं का बघायचं. नाही पडलं तर त्या दिवशी होडी काढू नका.

दांडीवर एक्सलेटर घट्ट करायचा स्क्रू असतो. हात दुखू नये म्हणून लोक तो आवळून ठेवतात, मग हात सुटला तरी वेग तसाच राहतो. तो सैल ठेवायला सांगा. गरगर फिरण्याचं कारण पंखाच आहे. पंखा फिरताना मशीनला एका बाजूला ओढत असतो, दांडीवरचा हात ते धरून ठेवतो. हात गेला की मशीन वळतं. पंख्याच्या वर छोटी फिन असते, ती नीट लावली तर ही ओढ कमी होते, जात नाही.

मिनेसोटाकर

आमच्याकडे अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान मोटरबोट वेगात चालवताना ही दोरी किंवा तिचं वायरलेस रूप लावणं कायद्याने बंधनकारक आहे. वायरलेसमध्ये गळ्यात छोटं यंत्र असतं, ते पाण्याखाली गेलं की इंजिन बंद. मात्र त्याला बॅटरी लागते. हिसक्याने चालू होणाऱ्या तुमच्या मशीनला दोरीच बरी.

जुना_खलाशी

मुलाचा प्रश्न राहिला. दीर पडले की उठून धावायचं नाही, बसूनच सरकत जाऊन तांबडं बटण दाबायचं. मशीन पूर्ण बंद, न्यूट्रल नाही, कारण न्यूट्रलमध्येही पंखा थोडा फिरू शकतो. मग ओरडून पाहुण्यांना खाली बसवायचं आणि दोर फेकायचा. त्यासाठी त्याची बसायची जागा मशीनच्या हाताशी हवी, नाळेवर (पुढच्या टोकाला) नको.

आणि रिकामी होडी फिरताना दिसली तर तिच्यात उडी मारायला कोणी जाऊ नये. पाण्यातल्या माणसाने फेऱ्याच्या बाहेर पोहायचं, किनाऱ्यावरून तटरक्षक दलाला १५५४ किंवा सागरी पोलिसांना १०९३ लावायचा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. न्यूट्रलची युक्ती दिरांना सांगितली, "ह्या जमात" (हे जमेल) म्हणाले. आज क्लिप पक्कडीने ओढून काढावी लागली, आणि मशीन बंद पडलंच नाही. उद्याच्या पाहुण्यांना फेरी रद्द असं कळवलंय. मेकॅनिकदादा, या कामाला तुम्ही देवबागला याल का, की मशीन उतरवून रत्नागिरीला आणू?