सांगलीहून व्हिएतनामला जातोय: डॉलर कुठून घ्यायचे, रोख किती, आणि पैसे कुणाकडं ठेवायचे? (मदत हवी आहे)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आम्ही पाच जण व्हिएतनामला निघालोय. मी, नवरा, सासू-सासरे आणि माझी आई. हनोई, हा लाँग बे, दा नांग, होई आन असा आठवडाभराचा बेत आहे, विमान मुंबईहून. हॉटेल, फिरणं आणि बरंचसं जेवण पॅकेजमध्ये धरलंय, व्हिसाही आला. अडलंय ते पैशांपाशी.

घरातल्या तिघाही मोठ्यांचा हा पहिलाच परदेश प्रवास. सासरे साखर कारखान्यातून निवृत्त झालेत, जन्मभर व्यवहार रोखीचा. ते म्हणतात, सगळ्यांचे पैसे एकत्र करा, मी बंडीच्या आतल्या खिशात ठेवतो, कुणाला काळजी नको. आईला मात्र थोडे पैसे स्वतःजवळ हवेत. नारळपाणी प्यायचं झालं तरी जावयाकडं हात पसरायचा, हे तिला नको वाटतं. मला तिचं पटतं, पण सासऱ्यांचं मनही मोडायचं नाही.

दुसरं म्हणजे, गावातलेच एक ओळखीचे गृहस्थ डॉलर द्यायला तयार आहेत. बँकेपेक्षा दर चांगला, पण बिल मिळणार नाही. नवऱ्याला वाटतं घ्यावेत, तेवढेच पैसे वाचतील. मला भीती वाटते, पण नेमकं काय सांगून त्याला थांबवावं ते कळत नाही. शिवाय आमची सगळी खाती सहकारी बँकेत आहेत. तिथलं एटीएम कार्ड तिकडं चालेल का? कुणी अलीकडं जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा.

निवृत्त रोखपाल

ताई, आधी त्या बिनबिलाच्या डॉलरचं बघू. अजिबात घेऊ नका. परकीय चलन विकायचा अधिकार फक्त रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकांना आणि मनी चेंजरना आहे. बाकी कुणाकडून घेतलेत तर देणारा आणि घेणारा दोघंही फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात अडकतात. नोट खोटी निघाली तर जाब कुणाला विचारणार? विमानतळावर कस्टमनं विचारलं तर दाखवणार काय? आणि परत आल्यावर उरलेले डॉलर मोडायचे तर तिथंही हाच प्रश्न. नवऱ्याला एवढंच विचारा, की हजार डॉलरमागं वाचून वाचून किती वाचणार आणि त्यासाठी सासू-सासऱ्यांना सोबत घेऊन हा धोका पत्करायचा का.

आता रीतसर मार्ग. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन कार्ड घेऊन जायचं. ए-टू नावाचा एक अर्ज भरून घेतात. प्रवासाच्या आधी साठ दिवसांपासून चलन घेता येतं, त्यामुळं आदल्या दिवशीची धावपळ करू नका. रोख नोटा माणशी एका प्रवासाला 3000 डॉलरपर्यंत मिळतात, तुम्हाला तेवढ्या लागणारही नाहीत. 50,000 रुपयांच्या वरची खरेदी असेल तर रोख रुपये घेत नाहीत, खात्यातून किंवा चेकनं द्यावे लागतात. मोठ्या बँकेच्या प्रत्येक शाखेत डॉलर पडून नसतात, म्हणून चार दिवस आधी सांगून ठेवा.

दर विचारताना 'डॉलर काय भाव' असं विचारूच नका. मोबाईलवर दिसणारा दर बँकांच्या आपसातल्या व्यवहाराचा असतो, त्या दरानं गिऱ्हाईकाला कुणीच देत नाही. विचारायचं असं: 'मला 1000 डॉलरच्या नोटा हव्यात, सगळं धरून माझ्या खात्यातून किती रुपये जातील?' दोन-तीन ठिकाणी हा एकच प्रश्न विचारलात की फरक आपोआप समोर येतो. कर फार नसतो. एक लाखापर्यंतच्या खरेदीवर जीएसटी 45 ते 180 रुपयांच्या दरम्यानच बसतो. 'कर खूप लागतो म्हणून दर जास्त' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. टीसीएसचीही (विकणाऱ्यानं आगाऊ घ्यायचा आयकर) धास्ती नको, अशा चलन खरेदीवर माणशी वर्षाला दहा लाखांच्या आत तो लागत नाही. मुंबई विमानतळावरच्या काउंटरसाठी मात्र काही शिल्लक ठेवू नका, तिथं दर हमखास महाग.

आणि आईंचे डॉलर आईंच्याच नावावर, त्यांच्याच पॅनवर घ्या. 200 डॉलर घेतले तर रक्कम 50,000 च्या आतच राहते. बिल त्यांच्या पर्समध्ये, पैसे त्यांच्या पर्समध्ये. तुमचा अर्धा प्रश्न तिथंच सुटतो.

मिरजेचा फिरस्ता

काकांनी वरचं सगळं बरोबर सांगितलंय. मी तिकडची बाजू सांगतो, गेल्या वर्षी जाऊन आलोय.

नोटा 100 डॉलरच्याच मागा, फार तर थोड्या 50 च्या. 5, 10, 20 च्या नोटांना तिकडं दर कमी देतात. आणि नोट कोरी करकरीत हवी. आपल्याकडं गठ्ठ्याच्या वरच्या नोटेवर पेनानं आकडा टाकायची सवय असते. तसली नोट, शिक्का उमटलेली किंवा कडेला जराशी फाटलेली असली तरी तिकडचा माणूस दिव्याखाली धरून बघतो आणि परत सरकवतो. त्यामुळं काउंटर सोडायच्या आधी एक एक नोट दोन्ही बाजूंनी बघून घ्या, खराब असेल तर तिथंच बदलून मागा. घरी आल्यावर घडी घालू नका. जाड पाकिटात सपाट ठेवा.

रुपये नेऊन तिकडं बदलायचा विचार करू नका, दर पडतो. परतीच्या गाडीभाड्यापुरते रुपये ठेवा. माणशी 25,000 पर्यंत नेता येतात.

डोंगचा, म्हणजे तिकडच्या चलनाचा हिशोब घरच्यांना निघायच्या आधीच शिकवा. तीन शून्यं काढायची आणि उरलेल्याला साडेतीननं गुणायचं. एक लाख डोंग म्हणजे 100 गुणिले साडेतीन, साधारण 350 रुपये. दर रोज थोडा हलतो, म्हणून हा ढोबळ अंदाज समजा. दुकानात पाटीवर '50 के' लिहिलेलं दिसेल, ते पन्नास हजार डोंग.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. वीस हजारांची नोट निळी आहे आणि पाच लाखांचीही निळीच. दोन्हींवर पुढं हो ची मिन्ह यांचा चेहरा. दोन्ही प्लास्टिकच्या. एक सत्तर रुपयांच्या आसपास, दुसरी साडेसतराशेच्या आसपास. संध्याकाळच्या बाजारात, पिवळ्या दिव्यात, चष्मा पर्समध्ये असताना हे कसं घडतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या गटातल्या एका काकूंनी नारळपाण्याला पाच लाखांची नोट दिली होती, विक्रेतीनंच हाक मारून परत केली. सगळेच तसे भेटतील असं नाही. वीस हजारांच्या मागं होई आनचा जुना जपानी पूल आहे, तो ओळखायला सांगा. आणि पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यातच ठेवा, बाकीच्यांत मिसळूच देऊ नका. कोऱ्या प्लास्टिकच्या नोटा एकमेकींना चिकटतात, देताना बोटांत चोळून मोजायच्या.

विट्याची लेक

फिरस्ता दादा, तिकडं सोनाराच्या दुकानात दर चांगला मिळतो असं ऐकलंय, खरं का? आमच्याकडं निम्मी घरं गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात, सोनाराचं दुकान म्हटलं की विश्वास बसतो लगेच.

मिरजेचा फिरस्ता

विट्याच्या माणसाला तसं वाटणारच. दर मिळतो, पण ज्या दुकानाला परवाना आहे तिथंच बदलणं कायदेशीर. 2018 मध्ये कॅन थो शहरात एका माणसानं 100 डॉलर बिनपरवान्याच्या सोन्याच्या दुकानात बदलले आणि त्याला 9 कोटी डोंगचा दंड लावला होता. नंतर माफ झाला, पण आपण परक्या मुलखात त्या भानगडीत कशाला पडायचं? बँकेत जावं, पासपोर्ट दाखवावा, पावती घ्यावी. उतरल्यावर विमानतळावर पहिल्या दिवसापुरते पन्नासेक डॉलर मोडा, बाकीचे शहरात.

हरभट रोड

कार्डाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सहकारी बँकेची बरीच कार्डं परदेशात चालत नाहीत. बँकेत जाऊन स्पष्ट विचारा: 'हे कार्ड भारताबाहेर चालतं का, चालत असेल तर सुरू करून द्या.' 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठीच सुरू होऊन येतं, बाहेरचा वापर आपण मागून चालू करावा लागतो. नाही म्हणाले तर एखाद्या मोठ्या बँकेत खातं असलेल्या माणसाचं एक कार्ड सोबत असू द्या. आणीबाणीपुरतं.

फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून न्यायचं कार्ड) व्हिएतनामसाठी मला फारसं फायद्याचं वाटत नाही. त्यात सहसा डोंग भरता येत नाहीत. डॉलर भरायचे, मग तिकडं डोंगमध्ये खर्च केला की वरून चलनबदलाचा आकार लागतो. डॉलर, युरो चालणाऱ्या देशात गोष्ट वेगळी.

कार्ड मशीनला लावलं आणि 'रुपयांत घेऊ की डोंगमध्ये' असं विचारलं, तर न चुकता डोंग निवडा. रुपयांत घेतलं की दर दुकानाच्या बाजूचा माणूस ठरवतो. क्रेडिट कार्डानं एटीएममधून रोख काढू नका, पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं. आणि यूपीआयवर विसंबून जाऊ नका.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याला हा धागा वाचून दाखवला, बिनबिलाचा विषय संपला. पॅकेजबाहेरचं खाणं, पाणी, टिप, थोडी खरेदी धरून पाच जणांत हजार डॉलर पुरतील असं गणित मांडलंय. बरोबर वाटतं का? आईचे दोनशे तिच्या नावावर घेणार. सासऱ्यांकडं पाचशे, त्यांच्या बंडीत, आणि तिनशे आमच्याकडं. सासऱ्यांना 'राखीव निधी तुमच्याकडं' असं सांगितल्यावर ते लगेच तयार झाले. सासूबाईंनी मात्र विचारलं, 'आणि माझे?' ते आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

निवृत्त रोखपाल

हजार पुरावेत. रेशीम आणि मोती बघून बायकांचं मन झालं तर कार्ड आहेच. सासूबाईंचेही शंभर-दोनशे त्यांच्या नावावर घ्या, सासऱ्यांकडचे तेवढे कमी करा. सगळ्या बिलांचे फोटो काढून ठेवा.

कृष्णाकाठची

होय काका, तसंच करते. शेवटचं एक: उरलेल्या पैशांचं काय करायचं?

निवृत्त रोखपाल

डोंग तिकडेच संपवा किंवा निघायच्या आधी तिथल्याच काउंटरवर मोडा, बदलल्याची पावती जवळ ठेवा. सांगलीत डोंग घेणारा शोधत बसाल. डॉलर 2000 पर्यंत घरी ठेवायला परवानगी आहे, पुढच्या प्रवासाला उपयोगी पडतील. त्याच्या वरचे असले तर आल्यापासून 180 दिवसांत मोडावे लागतात. मोडायला जाताना घेतल्याचं बिल आणि पासपोर्ट न्या.