चाळिशीनंतर बायकांनी खरंच जड वेट्स उचलावेत का?

पाऊसवेडी:
नमस्कार मंडळी. वय ४४, आजवर चालणं आणि थोडी योगासनं एवढाच व्यायाम, आता जिम लावलीय. आई साधी घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, तपासणीत हाडं ठिसूळ निघाली, तेव्हापासून डोक्यात बसलंय की आपण आत्ताच काहीतरी करायला हवं. माझ्या डॉक्टर म्हणाल्या वेट्स कर. पण जिममधला ट्रेनर दोन-दोन किलोचे डंबेल्स देऊन वीस-वीस वेळा करून घेतो आणि उरलेला वेळ ट्रेडमिल. रॉडकडे (ज्याच्या दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेट्स लावतात) नुसतं बघितलं तरी म्हणतो मॅडम लेडीजना हेवी नको, बॉडी पुरुषी होते. घरी नवरा म्हणतो कंबर धरेल. तर या वयात सुरू करून काही उपयोग होतो का, आणि जड म्हणजे नेमकं किती जड? वजनही थोडं कमी करायचंय.

रानजाई:
ताई, रॉड उचला. तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे आणि ट्रेनरचं चूक.

पुरुषी बॉडीची भीती आधी काढून टाका. एवढे मसल्स फुगायला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन लागतं आणि ते बायकांच्या रक्तात पुरुषांच्या मानाने पंधरापटीच्या आसपास कमी असतं. वेटलिफ्टर मीराबाई चानूने टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो वजनी गटात खेळून ११५ किलो डोक्यावर उचलले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त, आणि तिची अंगकाठी बघा केवढीशी आहे! सुरुवातीच्या काही आठवड्यांत तर जी ताकद वाढते ती बरीचशी मेंदू आणि नसा असलेलेच स्नायू नीट वापरायला शिकतात म्हणून वाढते, दंड होते तेवढेच राहतात.

आता हाडांचं. हाड जिवंत असतं, त्यावर नेहमीपेक्षा जास्त ताण आला की शरीर तिथे नवीन हाड घालतं. चालण्याचा ताण हाडाच्या सवयीचा झालेला असतो, दोन किलोच्या डंबेलने तर मणक्याला काही कळतही नाही. तिशीच्या आसपास हाडं सगळ्यात भरीव असतात, मग हळूहळू उतार, आणि पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की काही वर्षं हा उतार एकदम तीव्र होतो. तुम्ही त्याच्या अलीकडे उभ्या आहात म्हणून मला कळकळीने लिहावंसं वाटतंय. ऑस्ट्रेलियात लिफ्टमोर नावाची चाचणी झाली, २०१८ मध्ये छापून आली. पाळी गेलेल्या, हाडं आधीच विरळ झालेल्या बायका, सरासरी वय ६५, आणि त्यांच्याकडून डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं), स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), ओव्हरहेड प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं) करून घेतले, तेही चांगले जड, ५ रेप्सचे ५ सेट (म्हणजे एका दमात ५ वेळा, असं ५ दा), आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, ८ महिने. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता जवळपास ३ टक्क्यांनी वाढली, आणि ज्या घरी हलका व्यायाम करत होत्या त्यांची घटली. हलकं वजन बायकांसाठी सेफ म्हणून खपवतात याचा मला मनापासून राग येतो, कारण त्यात बायकांची ती मोलाची वर्षं फुकट जातात.

कणाताठ:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरच्या सगळ्याला +१, पण एक गोष्ट ठळक करते, त्या चाचणीत प्रत्येक सेशनला शिकवणारा तज्ज्ञ समोर उभा होता आणि सुरुवात हलक्यानेच करून वजन चढवत नेलं होतं. कोणी हे वाचून उद्याच जाऊन रॉडला प्लेट्स लावू नका.

ताई, पहिले काही आठवडे नुसती हालचाल शिका. डेडलिफ्टला पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकायचं, कमरेतून नाही. कंबर धरते ती बहुतेकदा झेपत नसताना घाईने वजन वाढवल्याने, आणि नीट शिकून केलेल्या डेडलिफ्टने पाठ उलट मजबूत होते. साधा रॉड २० किलोचा असतो, बायकांचा १५ चा आणि जरा बारीक, पकडायला सोपा, जिममध्ये आहे का विचारा. तोही जड वाटला तर एकच डंबेल छातीशी धरून स्क्वॉट करा. जड म्हणजे किती याचं उत्तर किलोत नाही देता येत, सेट संपताना फॉर्म, म्हणजे हालचालीची पद्धत, न बिघडवता अजून दोन-तीनच रेप्स निघतील असं वाटलं पाहिजे. ते सोपं झालं की सगळ्यात छोटी प्लेट वाढवायची.

बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि श्वास कोंडून उचलू नका. आणि हे बायका सांगतच नाहीत म्हणून लिहिते, वजन उचलताना लघवीचे थेंब जात असतील किंवा खाली जडपणा वाटत असेल तर गप्प बसून सहन करू नका आणि व्यायामही सोडू नका, ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणारी फिजिओ गाठा, बहुतेक जणींना फरक पडतो.

सावरी:
उशीर झालाय का विचारलंत म्हणून सांगते, १९९० साली अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या लोकांकडून ८ आठवडे पायांचा वजनांचा व्यायाम करून घेतला तर ताकद सरासरी दुपटीच्याही वर गेली. ४४ म्हणजे काहीच नाही. मी स्वतः साठीनंतर सुरू केलं, आता जमिनीवरून उठताना हात टेकावा लागत नाही आणि त्या एका गोष्टीने किती मोकळं वाटतं ते सांगता येत नाही.

काट्याकडे मात्र सुरुवातीला बघू नका. स्नायू पाणी धरतात म्हणून काटा हलत नाही किंवा थोडा वरही जातो. टेपने कंबर मोजा.

पाऊसवेडी:
सगळ्यांचे आभार. नवऱ्याला सगळं वाचायला दिलंय. उद्या दुसऱ्या ट्रेनरशी बोलते, ती स्वतः लिफ्टिंग करते. धावायचे शूज चालतील ना?

कणाताठ:
नको, मऊ सोलवर पाय डगमगतो. सपाट, कडक तळाचे घाला. डेडलिफ्ट तर नुसत्या मोज्यांवरही करता येतो, जिमवाले परवानगी देत असतील तर.