जिच, बरोबरी की अनिर्णीत? ड्रॉला मराठीत नेमकं काय म्हणायचं

तिरका उंट:
भाचीच्या बुद्धिबळ क्लाससाठी ड्रॉचे नियम मराठीत लिहून देतोय, आठ-नऊ वर्षांची पोरं आहेत, आणि पहिल्याच ओळीला अडकलो. ड्रॉ म्हणजे बरोबरी, ठीक. पण "आत्ता बरोबरी आहे" म्हणजे दोघांचं पारडं सारखं, आणि "डाव बरोबरीत सुटला" म्हणजे अर्धा-अर्धा गुण घेऊन उठले, एकच शब्द दोन्हीकडे. पोरांचा घोळ झालाच, मोहरी सारखी उरली की हात मिळवायला निघतात. अनिर्णित लिहू का? आणि स्टेलमेटला काय?

अण्णा शुद्धलेखनवाले:
आधी 'अनिर्णीत', णी दीर्घ, निर्णीतवरून आलाय तो. आणि शब्द क्रिकेटचा, पाच दिवस संपले नि निकाल लागलाच नाही, तिथं शोभतो. बुद्धिबळात ड्रॉ हाच निकाल असतो हो. २०२५ ला बातुमीत दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पीचे वर्ल्ड कप फायनलचे दोन्ही क्लासिकल डाव ड्रॉ झाले, त्याचे गुण दोघींना मिळाले की, मग अनिर्णीत कसं? माझं मत 'बरोबरीत सुटला', त्यातलं 'सुटला' गाळू नका म्हणजे झालं.

रात्रीचा हत्ती:
अण्णांना अनुमोदन, टेबलबेस बघितलं की अनिर्णीत शब्द अजूनच विचित्र वाटतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पटावर दोन्ही राजे धरून सात किंवा कमी मोहरी उरली की पुढचं सगळं कॉम्प्युटरनं आधीच सोडवून ठेवलंय. अंदाज नाही, मात झालेल्या स्थितीपासून उलटं मागे मागे जात प्रत्येक स्थितीचा निकाल लावलेला. २०१२ च्या सुमाराला मॉस्को विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर केलेलं लोमोनोसोव नावाचं टेबलबेस १४० टेराबाइटच्या आसपास होतं, मग रोनाल्ड द मान यांच्या सिझिजी पद्धतीनं तेच सात मोहऱ्यांचं काम २०१८ मध्ये साधारण १८ टेराबाइटमध्ये बसलं. तिथं ड्रॉ लिहिलंय म्हणजे ड्रॉच, देव आला तरी. याच्याइतकं निर्णीत दुसरं काय असणार.

मीनाक्षी (नाशिक):
टेबलबेसला मराठी काय पण? डेटाबेसला विदागार करणाऱ्यांनी इथं लांब राहावं 😀 मला 'कोष्टक' आवडतं, बघायचं आणि उत्तर वाचायचं. किंवा सरळ 'एंडगेमचे पाढे', म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्याचे.

रात्रीचा हत्ती:
पाढे भारीच! बाकी सिझिजी हा खगोलातला शब्द, सूर्य-चंद्र-पृथ्वी एका रेषेत येणं, आपली अमावास्या-पौर्णिमा. मूळ ग्रीकमध्ये जोखडाला एकत्र जुंपणं, आपल्या 'युग', 'योग'च्या युज्‌चा चुलतभाऊ.

खरी गंमत पुढे आहे. या पाढ्यांत उत्तरं तीन नसतात, पाच असतात. जिंकणं, हरणं, ड्रॉ, शिवाय 'कर्स्ड विन' आणि 'ब्लेस्ड लॉस'. म्हणजे जबरदस्तीनं जिंकता येतं, पण ५० चालींत एकही मोहरं मरत नाही नि प्यादं हलत नाही, त्यामुळे समोरचा ड्रॉ मागून सुटतो. याला मराठी काय करणार? शापित विजय आणि वरदानी हार? कीर्तनात शोभेल.

मीनाक्षी (नाशिक):
अहो आपल्याकडे तयार आहेत की! पहिलं 'हातातोंडाशी आलेला घास', दुसरं 'काळ आला होता पण वेळ आली नव्हती'.

अण्णा शुद्धलेखनवाले:
वा ताई, दुसरं तर जसंच्या तसं बसलं. याच भानगडीपायी ५० चालींचा नियमही डळमळला होता. दोन उंट विरुद्ध एकटा घोडा, शंभरेक वर्षं पुस्तकं म्हणत होती की घोडेवाल्यानं नीट तटबंदी केली की डाव बरोबरीत सुटतो. १९८३ मध्ये केन थॉम्प्सनच्या कॉम्प्युटरनं दाखवलं की बहुतेक स्थितीत दोन उंट जिंकतात, फक्त कधीकधी ६६ चालींपर्यंत लागतात. मग फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, अशा काही एंडगेमना जास्त चाली दिल्या, नंतर १९९२ ला सगळं गुंडाळून परत ५०. बरंच केलं, सात मोहऱ्यांत ५४९ चालींनी मात होते अशी स्थिती निघालीये, खेळणारे आणि पंच दोघंही तिथंच म्हातारे व्हायचे.

तिरका उंट:
५० चाली म्हणजे दोघांच्या मिळून का प्रत्येकाच्या? आणि स्टेलमेट राहिलंच.

रात्रीचा हत्ती:
प्रत्येकाच्या ५०, हे लिहाच, मराठीत 'चाल' दोन्ही अर्थानं चालते. आणि 'तीच चाल तीनदा' अजिबात लिहू नका, नियम आहे 'तीच स्थिती तीनदा', सलग नसली तरी चालते, फक्त खेळायची पाळी त्याच खेळाडूची हवी आणि पुढे शक्य असलेल्या चालीही त्याच. हे दोन्ही ड्रॉ मागावे लागतात, आपोआप होत नाहीत. आपोआप होतं ते तीच स्थिती पाचदा आली किंवा अशा ७५ चाली झाल्या तर, हे २०१४ पासून.

अण्णा शुद्धलेखनवाले:
आता स्टेलमेट. शह नाही पण हलायला जागा नाही, याला जुना शब्द 'जिच'. होय, तोच पेपरातला! शतरंजातला ज़िच, हिंदी कोशात आजही हाच अर्थ देतात. आपल्याकडे तो वाटाघाटीत जाऊन बसला आणि पटावर परतलाच नाही. वर अर्थही उलटा झाला, पटावर जिच पडली की डाव त्या क्षणी संपला, पेपरात जिच पडली की महिनाभर चालते आणि मग 'फुटते'.

मीनाक्षी (नाशिक):
म्हणजे "जिच कायम" ही हेडलाइन...

अण्णा शुद्धलेखनवाले:
त्यातला 'कायम'सुद्धा! अरबी-फारसी शतरंजात क़ाइम म्हणजे ड्रॉ झालेला डाव. बातमीत तो अर्थ नाही, 'टिकून आहे' एवढाच, पण अख्खी हेडलाइन पटावरची निघते.

तिरका उंट:
ठरलं मग, बरोबरीत सुटला, जिच, आणि टेबलबेसला पाढे. कर्स्ड विन या बॅचला नको म्हटलं होतं, पण भाचीनं मागून वाचलं आणि विचारतेय की समोरच्यानं ५० चाली मोजल्याच नाहीत तर घास तोंडात जातो का. ७५ पर्यंत जातो ना?

रात्रीचा हत्ती:
जातो. त्यानं मागितलंच नाही तर ७५ पर्यंत खेळता येतं, आणि पंचाहत्तराव्या चालीलाच मात झाली तर मात धरतात. हिला पाढे लवकर शिकवा.