अवकाळी, अकाली, अकालिको : तिन्ही 'काळ' एकच का?

मोर्शीकर : गारपिटीनं संत्र्याचा आंबिया बहार झोडून काढला तेव्हा गावभर एकच शब्द होता, 'अवकायी'. पाठोपाठ एक तरणा पोरगा गेला, तो 'अकाली' गेला. आणि विहारातल्या वंदनेत रोज ऐकतो, 'सन्दिट्ठिको अकालिको'. तिन्हीकडं काळाला नकार आहे, पण अर्थ जुळत नाहीत. 'अकालिको' म्हणजे अनंत काळ टिकणारा, असं समजायचं का?

वाशीमकर : पहिल्या दोन शब्दांत काळ नाकारलेला नाहीच. अवगुण, अवदसा यांतला 'अव' तोच अवकाळीतला. पाऊस आला, पण नको तेव्हा. अकालीचंही तसंच. म्हणजे दोन्ही शब्द योग्य काळ ठरलेला आहे हे धरूनच चालतात. दुष्काळ-सुकाळही त्याच घरचे. आपल्याकडं काळ कोरा नसतोच, त्याला बरंवाईट चिकटलेलं असतं.

गीतेत मात्र गंमत आहे. दहाव्या अध्यायात भगवंत स्वतःला अक्षय काळ म्हणवतात आणि लगेच अकराव्यात लोकांचा क्षय करणारा काळही मीच म्हणतात. न संपणारा तोच, संपवणाराही तोच.

जळगाव जामोदकर : अक्षयवरून आठवलं. आमच्या तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. गोलाकार धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्यानं भरलेली घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहणी करून भाकीत सांगतात. त्यावर विश्वास ठेवा, नका ठेवू. पण तिथी अक्षय आणि लोकांचा प्रश्न काय, तर औंदा आषाढात पाणी येते का नाई!

रिद्धपूरकडची : 'अनंत काळ' म्हटलं की आपण नुसती लांबी वाढवतो, घोळ तिथंच होतो. महानुभाव पंथाचा शब्द 'नित्य' आहे आणि तो फार काटेकोर आहे. जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर असे चार पदार्थ, चारही अनादि, चारही नित्य. प्रपंचसुद्धा! डोळ्यांना दिसतो तो कार्यरूप प्रपंच नासतो, कारणरूप नासत नाही. पुढं आणखी बारकावा आहे : परमेश्वर नित्यमुक्त, देवता नित्यबद्ध, जीव बद्धमुक्त, म्हणजे आज बांधलेला पण सुटू शकणारा. 'नित्यबद्ध' हा शब्द जरा जिभेवर घोळवून पाहा. कायमचं असणं आणि मोकळं असणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. लोक शाश्वत म्हटलं की लगेच हात जोडतात, म्हणून सांगितलं.

वर्धेकडचा : मूळ प्रश्न राहिलाच. अकालिको हा पाली शब्द धम्माचं विशेषण आहे. अर्थ 'सदा टिकणारा' असा नाही. 'फळाला काळ लागत नाही तो'. तूर पेरली की पाच-सहा महिने वाट पाहावी लागते, इथं तशी वाट पाहणं नाही. शेजारचे शब्द बघा : सन्दिट्ठिको म्हणजे इथंच, या डोळ्यांनी दिसणारा, एहिपस्सिको म्हणजे 'या आणि पाहा' म्हणणारा. शिवाय जिथं सगळे संस्कार, म्हणजे कारणांतून घडलेल्या सगळ्या गोष्टी, अनिच्च म्हणजे अनित्य सांगितलेत, तिथं 'अनंत काळ' हा अर्थ बसणार कसा? आमच्याकडच्या एका आजीनं पोरांना सोपं करून सांगितलं होतं, "उद्यावर नोको ढकलू, बापू, इतकंच हाय ते."

मोर्शीकर : पटलं. आता एक पोटप्रश्न. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी हजारो लोक मौन पाळतात, कारण 1968 साली त्यांचं निर्वाण त्या मिनिटाला झालं. त्या मिनिटाला काळ म्हणायचं का वेळ?

वाशीमकर : वेळ. वेळ घड्याळात असते, ती पाळता येते, चुकवताही येते. अपघातातून वाचलेला माणूस म्हणतोच ना, 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती'.

रिद्धपूरकडची : आमच्याकडं याच म्हणीत काळ-वेळ उलटे करून बोलणारेही भेटतात, आणि ऐकणाऱ्याला कळतं तेच!