थारला सॉफ्ट टॉप (कापडी छप्पर) घ्या आणि वरून डॅम्पिंग (आवाज दाबणारं शीट) मारा? भुसावळच्या उन्हात? (चर्चा थारला सॉफ्ट टॉप बुकिंगला मिळायचा तेव्हाची)

बोरीकाठ: काल एकाने इथे सल्ला दिला की थार बुक करताना बिनधास्त सॉफ्ट टॉप घ्या, आवाज वाटला तर नंतर डॅम्पिंग मारून घ्या, गाडी एकदम शांत. रात्रभर डोक्यात तेच. अरे भो, डॅम्पिंगचं शीट पत्र्याला चिकटतं, पत्र्याची थरथर मारतं. कापडाला काय चिकटवणार? दारं, फ्लोअर, मागचे व्हील आर्च (चाकांवरची कमान) करशील, खालचा आवाज होईल कमी, पण ऐंशीच्या पुढे डोक्यावर वारा फडफडतो त्याचं काय? आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो तो वेगळाच. छप्पर बुकिंगलाच नीट निवडा, एवढंच म्हणणं आहे.

सातपुडा_भटक्या: तो सल्ला माझाच होता. सेडानसारखी शांत असं मी म्हटलेलं नाही, पण असो. चार वर्षं सॉफ्ट टॉप वापरतोय. डिसेंबरात पहाटे टॉप मागे टाकून तोरणमाळच्या घाटात चढलात का कधी? यशवंत तलावापाशी पोचेपर्यंत जे दिसतं आणि ऐकू येतं ते हार्ड टॉपवाल्याला जन्मात कळायचं नाही. गाडी मन्ही, कान बी मना.

बोरीकाठ: घाटात वर्षातून चार वेळा जाता, धुळे-जळगाव हायवेला रोज असता. तिथलं बोला.

केळीपट्टा_रावेर: छपरावर भांडताय पण निम्मा आवाज टायरचा आहे. मी हार्ड टॉप घेतली आणि हौसेने एमटी (चिखलासाठीचे, मोठ्या खाचांचे) टायर टाकले, सिमेंटच्या रोडवर असा घूं घूं आवाज की बायकोशी ओरडून बोलावं लागायचं. परत एटीवर (सगळ्या रस्त्यांना चालणाऱ्या टायरवर) आलो. आणि डॅम्पिंगवाल्यांबद्दल तर बोलूच नका, एका दुकानात ब्युटाइल (रबराचं शीट) सांगून डांबराचं शीट मारलं, एप्रिलमध्ये दाराच्या आतून पाघळलं, केबिनमध्ये रोड बनवताना येतो तो वास, सहा महिने गेला नाही.

धुळेकर_मेकॅनिक: डांबरी शीट आपल्याकडे बसवूच नये. ब्युटाइल नरम असतं पण वास येत नाही, पाघळत नाही. आणि ते नुसतं थरथर मारतं, वाऱ्याच्या आवाजाला फोम किंवा जड व्हिनाइल वेगळं लागतं. गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. त्याआधी दाराचे रबर बघा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

केळीपट्टा_रावेर: मग तुमच्याच भावांनी मला ब्युटाइल म्हणून का विकलं?

धुळेकर_मेकॅनिक: मी विकलं का? एका दुकानावरून सगळ्यांना शिव्या देऊ नका. पुढच्या वेळी बसवायच्या आधी तुकडा कापून उन्हात ठेवा, वासावरून कळेल.

सातपुडा_भटक्या: बरं, सॉफ्ट टॉप नकोच वाटला तर नंतर बाहेरून हार्ड टॉप बसवता येतो, पुष्कळ जण बसवतात.

बोरीकाठ: आणि हाच सल्ला लोकांना गोत्यात आणतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, कंपनीच्या मूळ बांधणीत बदल चालत नाही, जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. माझ्या चुलत भावाने असाच टॉप बसवला होता, पावसाळ्यात मागच्या सीटवर पाणी, आणि अपघात झाला तेव्हा विम्याचा क्लेम अडकला तो अडकलाच. वहिनींचे दागिने मोडले गाडी नीट करायला. म्हणून चिडतोय मी, कळलं का?

सातपुडा_भटक्या: भावाचं वाईट झालं. बाहेरून टॉप बसवायचं मी मागे घेतो. हायवेला आवाज आहे हेही मान्य, फोनवर बोलायला गाडी बाजूला घ्यावी लागते. पण माझ्यासाठी तरी सॉफ्ट टॉपच.

नंदुरबारची_लेक: माझं बुकिंग याच आठवड्यात करायचंय, आईला दर महिन्याला सुरतला दवाखान्यात न्यावं लागतं. काय घेऊ?

बोरीकाठ: ताई, तुमच्यासाठी सॉफ्ट टॉपचा विषयच नको. आईला तीन दाराच्या गाडीत मागे चढवणंच अवघड, पुढची सीट वाकवून जावं लागतं. २०२४ ला आलेली थार रॉक्स बघा, पाच दारं आहेत आणि छप्पर पत्र्याचं, उद्या डॅम्पिंग करायचं म्हटलं तर छपरालाही होतं.

सातपुडा_भटक्या: यात माझं काही म्हणणं नाही. फक्त टेस्ट ड्राइव्हला आईला सोबत न्या, मागे बसवा आणि काचा बंद करून हायवेला काढा. शोरूमच्या गल्लीत काहीच कळत नाही.