बाबांच्या झोपेसाठी रडारवालं यंत्र घ्यावं का?

पऱ्हाटीवाला: बाबांचं वय ६६. जोरात घोरतात, मधेच आवाज बंद, मग दचकून श्वास घेतात. मनगटावर पट्टा चालत नाही, "मले बैलावाणी दावं नोको बांधू" म्हणतात. अंगाला न लागता झोपेचे टप्पे सांगणारं ६० गिगाहर्ट्झ रडारचं यंत्र ऑनलाइन दिसलं. घेऊ का? घरात मच्छरदाणी, रात्रभर कूलर, अन् लाइनीचा भरवसा नाही.

मोटारपंप: माझ्याकडे आहे. ६० गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ५ मिलिमीटर, त्यामुळे श्वासाने छाती थोडी वरखाली झाली तरी परत येणाऱ्या लहरीत फरक पडते. थोडीफार नाडीही पकडते. मच्छरदाणी आड येत नाही, कॅमेरा तर नाहीच. पण कूलरच्या वाऱ्याने दोरीवरचा दुपट्टा हालला की गोंधळ. अन् गंमत ऐका: हरभऱ्याले पाणी द्यायला मी रात्री दोन ते पाच वावरात होतो. सकाळी अ‍ॅपमध्ये पाहतो तं माझी "गाढ झोप"! बाजूच्या खाटेवरची बायको मोजली गेली. म्हणजे बाबांची खाट एकटी पाहिजे.

रात्रपाळी: मी झोप-तपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. खरे टप्पे आम्ही मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल अन् हनुवटीच्या स्नायूंवरून ठरवतो, ३०-३० सेकंदांचा तुकडा घेऊन. रडारला मेंदू दिसत नाही. गाढ झोपेत श्वास एकसारखा, स्वप्नांच्या झोपेत वेडावाकडा. मशीन लर्निंगचं मॉडेल असल्या खुणा लॅबच्या नोंदींवरून शिकते आणि अंदाज सांगते. नुसतं डोळे मिटून पडलेल्या माणसालाही ते झोपलेला धरते. तुमच्या बाबांचा प्रश्न मात्र टप्प्यांचा नाहीच, श्वास अडकण्याचा दिसते. त्यात रक्तातला ऑक्सिजन किती उतरतो हे पाहावं लागते, ते या यंत्राला कळत नाही. बीपी आहे का? दिवसा बसल्या बसल्या डुलकी?

पऱ्हाटीवाला: बीपीची गोळी चालू आहे. अन् डुलकीचं काय सांगू, परवा एसटीत खिडकीच्या गजावर डोकं आपटलं.

रात्रपाळी: मग यंत्राचे पैसे ठेवा. आधी कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवा. घरी नेऊन करायची तपासणीही असते: नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला क्लिप. तोवर मोबाइलवर घोरण्याचा व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांना उपयोगी पडते. गाडी चालवू देऊ नका.

मोटारपंप: एका रात्रीसाठी पट्टा बांधू देतील का पण?

पऱ्हाटीवाला: व्हिडिओ काढला काल. बाबांनी दोनदा पाहिला. "हा मी नाही होय" म्हणतात. सोमवारी नागपूरला नेतो.